पडद्यावरची कस्तुरी का मरते?

गेल्या महिन्याभरात चार चित्रपट ओळीने पाहिले: ‘अछूत कन्या’, ‘सुजाता’, ‘जय भीम कॉम्रेड’ आणि ‘फँड्री’. चारही आवडले. पण चळवळीतल्या माणसाने चित्रपट पाहताना त्याचे साल विसरू नये. सालाशेजारी आपला इतिहास ठेवला की पडद्यावर काय नाही, ते दिसू लागते.

‘अछूत कन्या’ १९३६ चा. रेल्वे फाटकवाल्याची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मणाचा मुलगा प्रताप यांचे प्रेम. शेवटी कस्तुरी रेल्वेखाली मरते आणि प्रेक्षक डोळे पुसतात. आता त्या काळाकडे पाहा. १९२७ ला महाडचा सत्याग्रह झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. मे १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरचे, लाहोरच्या मंडळाने होऊ न दिलेले भाषण त्यांनी स्वतः छापले. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. अस्पृश्य समाज रस्त्यावर हक्क मागत होता आणि पडद्यावरची अस्पृश्य मुलगी फक्त जीव देत होती.

‘सुजाता’ १९५९ चा. धम्मदीक्षेला तीन वर्षे होत आलेली. बिमल रॉय यांच्या हेतूबद्दल शंका नाही, नूतनचा अभिनय तर अप्रतिम. पण ब्राह्मण घरात वाढलेल्या सुजाताला मुलगी म्हणून मान्यता कधी मिळते? सांभाळणाऱ्या आईला स्वतःचे रक्त दिल्यावर. म्हणजे माणूसपण सिद्ध करण्याची जबाबदारी पुन्हा तिच्यावरच. बुद्धाला खीर देणाऱ्या सुजाताचे नाव घेतले, पण उपाय मात्र गांधीवादी हृदयपरिवर्तनाचाच दिला.

काही मित्र म्हणतात, तो काळच तसा होता. मित्रांनो, त्याच काळात बाबासाहेबही होते! काळाला दोष देणे म्हणजे त्या काळात लढलेल्यांना पुसून टाकणे.

आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटात हे चित्र बदलते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण ठार झाले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पुढची चौदा वर्षे कॅमेरा वस्त्यांत, जलशांत, शाहिरांत फिरत राहिला. तिथे आपली माणसे स्वतः बोलतात, गातात, प्रश्न विचारतात. कुणाच्या दयेची वाट पाहत नाहीत.

२०१३ च्या ‘फँड्री’त नागराज मंजुळे एक पाऊल पुढे जातात. डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर दिसतात. पुस्तकातला इतिहास आणि गावातले वास्तव एकाच चौकटीत! शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकाकडे. कस्तुरी स्वतः मेली होती, जब्या मरत नाही.

म्हणून हे चित्रपट मोबाईलवर एकट्याने पाहून सोडू नका. विहारात, वसतिगृहात, अभ्यासिकेत एकत्र पाहा आणि नंतर तीन प्रश्न विचारा. चित्रपट कोणत्या साली आला? त्या साली आपली चळवळ काय करत होती? आणि कथेतला निर्णय कोण घेते, पीडित की उद्धारक? ही सवय लागलेल्या तरुणाला रडवून गप्प बसवणे कुणालाही जमणार नाही.

जय भीम!