खो-खोतील दडपण आणि प्रमाद : धाराशिवच्या संदर्भात एक विचार

खो-खोचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर बहुधा धावणाऱ्याकडेच पाहिले आहे. वेग, चपळता आणि दम हे ह्या खेळाचे तीन गुण मानून त्यांच्याभोवती स्तुतिपर लेखन बरेच झाले. परंतु नियमांचा क्रम लक्षपूर्वक वाचणाऱ्यास वेगळीच गोष्ट दिसते. खो-खोच्या नियमांचा मोठा भाग पाठलाग करणाऱ्याने काय करावे ह्याविषयी नसून त्याने काय करू नये ह्याविषयी आहे. हा खेळ घडला तो निषेधांतून. आणि म्हणूनच त्यातील आक्रमणाचा खरा इतिहास हा चूक टाळण्याच्या कलेचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रारंभी ह्या खेळास मैदानाची ठरावीक मापे नव्हती, मध्यरेषा दाखविणारे खांब नव्हते आणि वेळेचे बंधनही नव्हते. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम तयार करण्याचे काम हाती घेतले. १९२४ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपली नियमावली प्रसिद्ध केली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ च्या सुमारास नियमांना बरेचसे एकसूत्री रूप दिले. ह्या प्रत्येक टप्प्यावर मैदान आखले गेले, वेळ मोजला गेला आणि त्याबरोबर पाठलाग करणाऱ्याच्या स्वातंत्र्यास कात्री लागत गेली. पळणाऱ्यास मात्र कोणी बांधले नाही. तो बसलेल्या गड्यांच्या मधून हवा तसा निघून जाऊ शकतो, उलट फिरू शकतो, खांबाला वळसा घालून क्षणात बाजू बदलू शकतो.

ह्या विषमतेतच खेळाचे मर्म आहे. आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. ह्या नवव्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत किंवा खो देईपर्यंत ती बदलावयाची नाही. खांद्याची रेषा वळली तरी पंचाची शिट्टी वाजते. मधली पाटी ओलांडावयाची नाही. खो द्यावयाचा तो बसलेल्या गड्याच्या पाठीमागून, स्पर्श आणि उच्चार एकत्र करून. उच्चार आधी झाला, स्पर्श मागे राहिला, किंवा बसलेला गडी खो मिळण्यापूर्वीच अर्धवट उठला, तर सारे व्यर्थ. आणि शिक्षा कोणती? गुण कापला जात नाही. पाठलाग करणाऱ्यास विरुद्ध दिशेने जावे लागते. पळणारा हाताच्या अंतरावर असताना त्याच्याकडे पाठ फिरवून धावावयाचे, ह्याहून मर्मभेदी दंड नियमकर्त्यांना सुचला नसता. चुकीची किंमत येथे अंतरात आणि सेकंदांत मोजली जाते.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट नोंदवाविशी वाटेल. मैदानावर खो ‘दिला’ जातो; व्यवहारात मात्र एखाद्याच्या कामात खो ‘घातला’ जातो. नाम एकच, परंतु क्रियापद बदलताच अर्थ उलटा होतो. पहिल्यात अधिकाराचे हस्तांतर आहे, दुसऱ्यात अडथळा. गंमत अशी की चुकीच्या क्षणी दिलेला खो हा आपल्याच संघाच्या कामात घातलेला खो ठरतो, आणि हे अनुभवी खेळाडूस व्याकरण न शिकताही ठाऊक असते.

ह्या दृष्टीने अमेरिकन फुटबॉलशी तुलना उद्बोधक ठरते. त्या खेळात १८८० मध्ये वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने चेंडू मागे देऊन डाव सुरू करण्याची पद्धत रूढ झाली आणि क्वार्टरबॅक हे स्थान निश्चित झाले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास अनुमती मिळाली. तेव्हापासून त्या गड्याच्या खेळाचे सार असे : समोरून प्रतिपक्षाचे दांडगे गडी चालून येत असता दोन-तीन सेकंदांत चेंडू कोणाकडे द्यावयाचा हे ठरविणे, आणि ठरत नसेल तर चेंडू शत्रूच्या हाती न जाऊ देणे. खो-खोत चालून येणारा कोणी नाही. येथे दडपण आणतो तो पळणारा, आणि तेही निसटून जाऊन. तीन गड्यांच्या तुकडीतील एकजण साखळी पद्धतीने बसलेल्यांच्या मधून नागमोडी निघतो, किंवा एका टोकाशी रिंग धरून फिरत राहतो; पाठलाग करणाऱ्यास प्रत्येक पावलावर वाटते की आता हात पोचेल. ह्या मोहापायी खो लांबतो, पाऊल पुढे पडते आणि नियमभंग होतो. दोन्ही खेळांत निर्णयाचा क्षण हाच घात होण्याचा क्षण असतो. क्वार्टरबॅकला मात्र चेंडू बाहेर फेकून तो डाव सोडून देण्याची पळवाट काही मर्यादेत मिळते. खो-खोत ती नाही. खो दिलाच पाहिजे, नाहीतर खांबापर्यंत धावत गेलेच पाहिजे.

म्हणूनच आक्रमणाचा भार धावणाऱ्या एकावर नसून बसलेल्या आठांवर असतो. योग्य गडी योग्य बाजूस तोंड करून आहे की नाही, तो पायांवर सावरून बसला आहे की नाही, त्याचा कान खो कडे आहे की डोळा पळणाऱ्याकडे, ह्यावर पुढील तीन सेकंद ठरतात. खांबाजवळचे स्थान विशेष नाजूक, कारण तेथे सूर मारून गडी बाद करण्याची संधी असते आणि तेथेच तोल जाण्याची भीतीही असते.

धाराशिव जिल्ह्याचा विचार येथे आवश्यक होतो. खो-खोचे नियम पुण्यात व बडोद्यात आकार घेत होते त्या काळी हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि सातव्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद म्हणविला जात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्यानंतर चारच वर्षांनी महाराष्ट्राची स्थापना झाली. जिल्ह्याचे धाराशिव हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे परत आले. नियम घडविण्यात ज्या भूमीचा वाटा नव्हता, तिनेच पुढे ते नियम पाळून दाखविण्यात आघाडी घ्यावी, हा योगायोग नव्हे. अवर्षणप्रवण प्रदेशात ज्या खेळास दोन खांब आणि सपाट जमीन एवढेच साहित्य लागते तो खेळ रुजतो; परंतु रुजलेला खेळ शिस्तीत वाढविण्यास मार्गदर्शक लागतो. चंद्रजित जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या सारिका काळे ह्यांचे उदाहरण ह्या बाबतीत बोलके आहे. कुटुंबास एक वेळचेच जेवण मिळत असे त्या दिवसांविषयी त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि खो-खोस तो २२ वर्षांनी मिळाला. एवढ्या दीर्घ काळात ह्या खेळात पुरस्कारयोग्य कोणी झालेच नाही असे मानणे कठीण आहे. नियमांचे संयमशास्त्र बाहेरच्या प्रेक्षकास दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा गौरव होत नाही, हेच त्याचे अधिक संभाव्य कारण होय.

हे दिसावे ह्यासाठीच अलीकडे नियम बदलले गेले. २०२२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने पाळी आटोपशीर केली, चटई आणली आणि ‘वजीर’ नावाचा एक गडी निर्माण केला; त्याला पाठलाग करताना कोणत्याही दिशेने वळण्याची मुभा आहे. तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली तर संरक्षकांसही गुण मिळू लागले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकाचा साचाही असाच वेगवान होता. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळचा ७८–४० असा पराभव केला. प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखालील त्या संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या.

वजीराने प्रेक्षकांची सोय केली ह्यात शंका नाही. परंतु ज्या बंधनामुळे नऊ गड्यांना एक मन करावे लागे, त्यातून एकास मुक्त केल्यावर उरलेल्यांच्या निर्णयशक्तीस पूर्वीची धार राहील काय, हा प्रश्न उरतो. राज्य व राष्ट्रीय स्पर्धांत जुना साचा टिकून आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील मुलींचे पहिले धडे अजून मातीवरच होतात. वजीराचे स्वातंत्र्य पेलण्यासाठीही आधी दिशा न मोडता धावण्याची सवय अंगी बाणावी लागते, असा युक्तिवाद त्यावर केला जातो. तो बराचसा पटण्याजोगा आहे, मात्र चटईवरच वाढलेली पिढी मैदानात उतरेपर्यंत त्याची खरी कसोटी लागावयाची नाही.