वाटाड्यांचा ग्रीस

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा एक गृहस्थ ग्रीसमधील गावे, देवळे, थडगी आणि डोंगर पाहत हिंडला आणि जे पाहिले, जे ऐकले, ते त्याने दहा भागांत लिहून ठेवले. त्याच्या ग्रंथाच्या नावात 'पेरिएगेसिस' असा शब्द आहे. त्याचा अर्थ 'फिरवून दाखविणे'. ग्रीसचे स्वातंत्र्य जाऊन त्या वेळी तीन शतके लोटली होती. रोमचा अंमल पक्का बसला होता आणि रोमन मंडळी ग्रीकांचे गतवैभव पाहायला हौसेने येत होती. सहलींचा धंदा तिकडे आजचा आहे, असे म्हणूनच कोणी समजू नये. आपल्याकडे क्षेत्राच्या ठिकाणी पाऊल ठेवताच उपाध्ये गाठतात, तसे पॉसेनियसला गावोगाव वाटाडे भेटत आणि आपल्या गावची थोरवी सांगत.

पॉसेनियस भाविक होता. भोळा मात्र नव्हता. अर्गोसच्या वाटाड्यांनी त्याला सांगितले की, ट्रॉयमधील अथीनेची प्रसिद्ध मूर्ती आमच्याच गावात आहे. त्यावर त्याचा शेरा मोठा मार्मिक आहे. आपण सांगतो ते सगळे खरे नाही हे या वाटाड्यांना स्वतःलाही ठाऊक आहे, तरी ते सांगतात, कारण लोकांच्या मनात बसलेले मत पालटणे सोपे नसते, अशा आशयाचे तो लिहितो. अठराशे वर्षांपूर्वीचा हा शेरा मनाशी बाळगून आम्ही काही मंडळी अथेन्सहून आठ दिवसांच्या फेरीस निघालो. बरोबर सरकारी परवाना असलेल्या एक वाटाड्या बाई होत्या. त्या चोख बोलत, वेळेच्या पक्क्या होत्या आणि त्यांचे पाठांतर दांडगे होते. त्यांनी काय दाखविले, काय वगळले आणि त्यातले किती खरे, हाच आजचा विषय आहे. अथेन्सबद्दल आम्ही बोलणार नाही. त्यावर पुष्कळ बोलून झाले आहे.

पहिला मुक्काम मायसिनीचा. दोन शिळासिंहिणींच्या दरवाज्यातून आत गेले की उजव्या हाताला दगडी कड्याने वेढलेले वर्तुळ लागते. ट्रॉयच्या मोहिमेचा सेनापती आगामेम्नॉन कोटाच्या आत पुरला आहे, असे पॉसेनियसने ऐकून लिहिले होते. पुढच्या पंडितांनी 'कोट' या शब्दाचा अर्थ बाहेरची तटबंदी असा धरला. हाइन्रिख श्लीमान या हौशी जर्मन व्यापाऱ्याने तो बालेकिल्ल्याचा कोट मानला आणि 1876 साली नेमके दरवाज्याच्या आत खणले. तेथे राजघराण्याची थडगी निघाली. त्यांत सोन्याचे मुखवटेही मिळाले. त्यांपैकी एक आजही 'आगामेम्नॉनचा मुखवटा' म्हणून अथेन्सच्या संग्रहालयात मिरवतो. परंतु ती थडगी इसवी सनापूर्वीच्या सोळाव्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ परंपरेने मानला जातो त्याच्या निदान तीनशे वर्षे आधीची ठरली. आगामेम्नॉनचा मुखवट्याशी काही संबंध नाही. तरीही गावकऱ्यांची कथा नसती तर श्लीमानची कुदळ त्या जागी पडली नसती! कथेतला माणूस खोटा ठरला, जागा खरी निघाली. वाटाड्यांच्या गोष्टी एकदम उडवून लावू नयेत असे आम्हाला येथेच प्रथम वाटले.

मायसिनीच्या उत्तरेला देर्वेनाकियाच्या खिंडी आहेत. 1822 च्या जुलैत तुर्कांचा सेनापती द्रामाली पाशा मोठी फौज घेऊन अर्गोसच्या मैदानात उतरला. थिओडोरोस कोलोकोत्रोनिसने मैदानातील धान्य जाळून टाकविले आणि खिंडी धरून ठेवल्या. उपासमारीला कंटाळून फौज परत फिरली तेव्हा वरून दगड आणि गोळ्यांचा मारा झाला आणि पाशाचा पुरा धुव्वा उडाला. आमची मोटार त्या मुलखातून गेली, पण थांबली नाही. तेथे पाहण्यासारखे खांब नाहीत, हे कारण आम्हाला देण्यात आले. ज्या डोंगरात लढाई होते तो डोंगर हेच तिचे स्मारक, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पण ते असो.

त्याच कोलोकोत्रोनिसची पुढची कहाणी नाफ्लिओ या बंदरात भेटते. नवजात ग्रीसची ही राजधानी. गावावर पालामिदीचा किल्ला आहे. तो व्हेनिसच्या लोकांनी 1711 ते 1714 या अवघ्या तीन वर्षांत बांधला आणि पुढल्याच साली तुर्कांच्या हवाली केला. किल्ल्याच्या पायऱ्या 999 आहेत, हजारावी कोलोकोत्रोनिसच्या घोड्याच्या टापेने मोडली, असे बाईंनी सांगितले. आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांनी चढताना मोजल्या. त्या शंभराहून अधिक कमी भरल्या. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "उन्हात चढणाऱ्याला 999च वाटतात."

गावात संत स्पिरिदोनचे लहानसे देऊळ आहे. देशाचा पहिला प्रमुख योआनिस कापोदिस्त्रियास 9 ऑक्टोबर 1831 रोजी प्रार्थनेला जात असताना याच दाराशी मारला गेला. मारेकरी परके नव्हते. स्वातंत्र्ययुद्धात पराक्रम गाजवलेल्या मावरोमिखालिस घराण्यातलेच दोघे होते. भिंतीतला गोळीचा खड्डा काचेखाली जपला आहे आणि सर्व प्रवासी तेथे छायाचित्र घेतात. आमच्या मते नाफ्लिओतली खरी पाहण्याजोगी गोष्ट कोणत्याही काचेखाली नाही. 1834 साली, बव्हेरियाहून आणलेल्या अल्पवयीन राजा ओटोच्या कारभाऱ्यांनी कोलोकोत्रोनिसवरच राजद्रोहाचा खटला भरला. पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी देहान्ताची शिक्षा दिली. अध्यक्ष पोलिझोइदिस आणि दुसरे न्यायाधीश तेर्चेतिस यांनी पुरावा नाही म्हणून निकालपत्रावर सही करण्यास साफ नकार दिला. त्यांना शिपायांकरवी ओढत न्यायासनावर आणून बसविण्यात आले. तरी सही झाली नाही. पुढे त्या दोघांवरच खटला भरला गेला आणि ते निर्दोष सुटले. कोलोकोत्रोनिसची शिक्षा कमी होऊन 1835 साली त्याची मुक्तता झाली. नवे राज्य जेमतेम उभे राहत होते, आणि त्या राज्याच्या न्यायालयात दोन माणसे संगिनींसमोर 'नाही' म्हणू शकली! किल्ले सर पुष्कळांनी केले आहेत. हे काम त्याहून अवघड होते, असे आम्ही समजतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही स्पार्टाला पोहोचलो. स्पार्टा पाहायला गेलेला प्रवासी हमखास निराश होतो. याची तंबी थुसिडिडीसने चोवीस शतकांपूर्वीच देऊन ठेवली आहे: हे गाव ओस पडले तर मागे उरलेल्या पायांवरून त्याच्या सामर्थ्याची कल्पना कोणाला येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. ते अक्षरशः खरे ठरले. पण पाच-सहा किलोमीटर पश्चिमेला, सुमारे 2,400 मीटर उंचीच्या तायगेटस पर्वताच्या पायथ्याच्या टेकडीवर, मिस्त्रास नावाचे उजाड नगर उभे आहे. फ्रँक सरदार विल्यम व्हिलअर्दुआँ याने 1249 साली येथे किल्ला बांधला. लढाईत पकडला गेल्यावर सुटकेचे मोल म्हणून तो त्याने बायझंटाइन बादशहाला 1262 साली दिला. पुढील दोन शतकांत उतारावर देवळे, मठ, वाडे उठले. प्लेटोचा उपासक गेमिस्तोस प्लेथॉन येथे शिकवीत असे. तो इटलीत गेला तेव्हा फ्लॉरेन्सच्या विद्वानांनी त्याला डोक्यावर घेतले. शेवटचा बादशहा कॉन्स्टंटाइन येथूनच, 6 जानेवारी 1449 रोजी राजपद घेऊन निघाला आणि 1453 साली राजधानीच्या तटावर पडला. मोठ्या देवळाच्या फरशीत दुमुखी गरुड कोरलेली शिळा आहे. 'याच जागी अभिषेक झाला' असे सांगतात. तो देवळात झाला की वाड्यात, विधिपूर्वक झाला की नाही, यावर विद्वानांत अद्याप वाद आहे. बाईंनी वादाचा उल्लेख केला नाही. आम्हीही त्या शिळेवर पाय न देता कडेने गेलो.

मिस्त्रास 1460 साली तुर्कांकडे गेले, तरी ओस पडले नाही. ते ओस पडले स्वतंत्र ग्रीसच्या काळात. 1834 साली ओटोच्या सरकारने खाली सपाटीवर नवे स्पार्टा आखले आणि वस्ती तिकडे सरकली. युरोपला लिओनिदासचे नाव ठाऊक होते, मिस्त्रासचे नव्हते. नव्या राष्ट्राला कोणता पूर्वज मिरवावा हे ठरवायचे होते. म्हणजे राज्यसंस्थाही एका अर्थी वाटाड्याच असते. कोठे थांबायचे आणि कोठून न थांबता पुढे जायचे हे तीच ठरविते. शेवटचे रहिवासी विसाव्या शतकाच्या मध्यास गेले. आता तेथे एका मठात थोड्या जोगिणी राहतात.

यापुढचा मुक्काम कालाव्रिता. त्याविषयी बोलणे आम्हाला जड जाते.

उत्तर पेलोपोनीसच्या डोंगरातले हे गाव. किनाऱ्यावरून दरीतून वर चढणारी, 1896 साली सुरू झालेली दातेरी रुळांची छोटी आगगाडी तेथे नेते. गावाजवळ आगिया लाव्रा नावाचा मठ आहे. 25 मार्च 1821 रोजी बिशप गेर्मानोसने येथे स्वातंत्र्याचे निशाण उभारून शपथ दिली, असे ग्रीसमधले प्रत्येक मूल शिकते. 1838 पासून हा दिवस राष्ट्रीय सण आहे आणि ते निशाण मठात ठेवलेले आहे. इतिहास निराळे सांगतो. कालाव्रिता 21 मार्चलाच बंडवाल्यांनी घेतले होते, कालामाता 23 मार्चला. खुद्द गेर्मानोसच्या आठवणींत या शपथेचा उल्लेख नाही. ही कथा फ्रेंच वकील पूकव्हिलच्या 1824 च्या ग्रंथाने पसरली आणि चित्रकार व्रिझाकिसने 1865 साली तिला रंगरूप दिले. बाईंनी ती नेहमीप्रमाणे सांगितली, आणि आम्ही नेहमीप्रमाणे मनात दुरुस्ती केली.

मग त्या आम्हाला गावच्या जुन्या शाळेत घेऊन गेल्या. तेथे त्यांचे पाठांतर थांबले. 13 डिसेंबर 1943 रोजी जर्मन सैन्याने गावच्या सर्व लोकांना या शाळेत जमविले. बंडखोरांनी पकडलेले जर्मन शिपाई ठार मारले होते, त्याचा हा सूड होता. बायका-मुलांना शाळेत कोंडले. पुरुषांना आणि चौदा वर्षांच्या आसपासच्या मुलांनाही वरच्या कापी टेकडीवर नेऊन यंत्रबंदुकांनी मारले. गावातले सुमारे 500 गेले. टेकडीवरून जिवंत परतले फक्त 13. गाव पेटविले, शाळा पेटविली. बायका दार फोडून बाहेर पडल्या आणि बर्फाळ थंडीत आपापली माणसे हातांनी पुरू लागल्या. देवळाच्या मनोऱ्यावरील एका घड्याळाचे काटे आजही 2 वाजून 34 मिनिटांवर ठेवले आहेत.

शाळेच्या दाराविषयी एक गोष्ट सांगितली जाते. एका ऑस्ट्रियन शिपायाला दया आली, त्याने दार उघडले आणि त्याबद्दल त्याला प्राण गमवावे लागले. गोष्ट ऐकायला बरी वाटते. पण तिला विश्वसनीय पुरावा नाही, आणि 2021 साली ती एका चित्रपटात आली तेव्हा कालाव्रितातून तिला कडाडून विरोध झाला. आम्हाला तो विरोध समजतो. निशाणाच्या कथेने कोणाचे काही हिरावले जात नाही. गेर्मानोसने शपथ दिली नसली तरी लोक लढलेच. दाराच्या कथेने मात्र त्या बायकांच्या हातचे काम काढून मारणाऱ्यांच्या फौजेतल्या एकाच्या हाती दिले. दोन्ही कथा पुराव्याच्या तराजूत सारख्याच हलक्या असतील. पण त्यांना एकच माप लावता येत नाही. बाईंनी दाराची कथा सांगितली नाही. कोणी तरी विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "दार बायकांनी फोडले."

कालाव्रिताहून उतरून, 2004 साली खुल्या झालेल्या रिओच्या प्रचंड पुलावरून आम्ही आखात ओलांडले आणि पार्नासस पर्वताच्या कुशीतील डेल्फीला पोहोचलो. येथे वाटाड्यांची परंपरा फार जुनी आहे. प्लुटार्क स्वतः डेल्फीचा पुजारी. त्याने एका संवादात पाहुण्यांची एक टोळी रंगविली आहे. थोडक्यात आटपा म्हणून पाहुणे विनवितात आणि वाटाडे मात्र एकेका शिलालेखावर ठरलेले भाषण म्हणत राहतात! आमच्या बाईंनाही थोडक्यात आटपता येत नव्हते, पण त्यांचा दोष कसा म्हणावा? डेल्फीवर कास्त्री नावाचे गाव वसलेले होते. फ्रेंचांनी 1892 साली उत्खनन सुरू केले तेव्हा गावकऱ्यांचा विरोध असूनही ते सगळे गाव उचलून बाजूला वसविले गेले. अपोलोला जागा मोकळी करून देण्यासाठी गेलेल्या त्या गावाचा उल्लेख कोणत्याही ठरलेल्या भाषणात नाही.

येथे कोरलेली नीतिवचने क्लिआर्कस नावाच्या माणसाने काळजीपूर्वक उतरवून घेतली आणि पार अफगाणिस्तानात आय-खानुम येथे शिळेवर कोरविली. ती शिळा 1960 नंतरच्या दशकात सापडली. आपल्या कार्ल्याच्या चैत्यातील खांबांवर धेनुकाकटाच्या 'यवन' दात्यांची नावे आहेत. ते ग्रीकच होते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण तो शब्द मुळात आयोनियाच्या ग्रीकांवरून आला आहे. दगडावर नाव राहावे ही इच्छा मात्र सगळीकडची.

देवळाच्या चौथऱ्याखाली वेड्यावाकड्या शिळा नेटक्या सांधून केलेली एक भिंत आहे. प्रवासी तिला पाठ टेकून दम खातात. तिच्यावर बारीक अक्षरांत शेकडो लेख आहेत. ते गुलामांच्या सुटकेचे करार आहेत. गुलाम मालकाला आपली किंमत देई आणि कागदोपत्री त्याला अपोलो विकत घेई, म्हणजे तो सुटला. साक्षीदारांची नावे खाली कोरलेली असत. सुटलेल्यांत पुरुषांहून स्त्रिया अधिक आहेत. आम्ही विनंती केल्यावरून बाईंनी त्या लेखांत काय असते ते समजावून सांगितले. पैसे चुकते झाले तरी पुष्कळ करारांत एक कलम असे: मालक जिवंत असेपर्यंत तिने त्याच्याजवळच राहावे, सांगेल ते काम करावे, न केल्यास मालकाला तिला शिक्षा करण्याचा अधिकार राहील. काहींत तर आपल्या जागी एखादे मूल द्यावे अशीही अट आहे. एवढे सांगून बाईंनी घड्याळाकडे पाहिले. संग्रहालय बंद व्हायला थोडाच अवधी होता आणि तेथे ब्राँझचा सुप्रसिद्ध सारथी पाहायचा होता. बहुतेक मंडळी तिकडे गेली. आम्ही तिघेचौघे भिंतीपाशी थांबलो आणि अक्षरे लावून नावे वाचता येतात का ते पाहत राहिलो.