भिकबाळी आणि कडक कानाची गोष्ट

कान टोचणे म्हटले की आपल्याला पाळी आठवते. बारशाच्या सुमारास सोनार येतो, तार खुपसतो, बाळ एकदा किंचाळते आणि ओठाला साखर लागली की विसरते. पण कानाचा वरचा, कडक भाग टोचण्याचीही आपल्याकडे जुनी परंपरा आहे आणि तिची गोष्ट बरीच वेगळी आहे. हल्ली पंधरा-सोळा वर्षांची मुलेमुली तिथे टोचून घेतात आणि घरोघरी धुसफूस होते. ‘हे कुठले परदेशी खूळ?’ असे विचारणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना थोडा इतिहास सांगावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात सुश्रुतापासून करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्याविषयीच आहे. बाळ सहा-सात महिन्यांचे झाले की त्याला दाईच्या मांडीवर बसवावे, खेळणी दाखवून भुलवावे, कान उन्हाकडे धरून निसर्गतःच पातळ असलेली जागा हेरावी आणि तिथे सरळ टोचावे. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. पातळ कानाला सुई, जाड कानाला आरी. जागा चुकून शीर दुखावली तर ताप, सूज, दाह, वेदना असे काय काय होते, तेही सांगितले आहे. पुढे त्याच अध्यायात फाटलेली पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार येतात, म्हणजे त्या काळीही जड दागिन्यांनी कान फाटत असणार! पण मला महत्त्वाचे वाटते ते सुरुवातीचे विधान. कान कशासाठी टोचायचे? तर रक्षणासाठी आणि भूषणासाठी. आधी रक्षण, मग भूषण. हा क्रम ध्यानात ठेवावा.

आपल्या बायकांच्या कानाच्या वरच्या कडेला बुगडी असे. पाळीत कुडी, वर बुगडी. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या चित्रपटातल्या लावणीमुळे बुगडी हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती कानात नेमकी कुठे असते हे आताच्या मुलींना सांगावे लागते. माझ्या नातीने सोळाव्या वर्षी कानाच्या वर टोचून घ्यायचे ठरवले तेव्हा ‘हेलिक्स’ असा शब्द वापरला. मी तिला तिच्या खापरपणजीचा एकुलता एक फोटो दाखवला. दोघींच्या भोकांची जागा एकच! घरातला वाद त्या दिवसापुरता तरी मिटला.

बुगडी हे भूषण. पुरुषांच्या कानातली भिकबाळी मात्र मुळात रक्षणासाठी होती. उजव्या कानाच्या वरच्या भागात घालायची ही लहानशी बाळी, सोन्याच्या तारेत मोती आणि मधे एखादा रंगीत खडा. पेशवाईशी तिचे नाव जोडले गेल्यामुळे आज तिला मोठा रुबाब आहे. पण तिच्या नावातच ‘भीक’ आहे, इकडे कोणी लक्ष देत नाही.

ज्या घरात मुले जगत नसत, तिथे नवस बोलत. मूल झालेच तर आई पदर पसरून चार घरी भीक मागे आणि त्या पैशांतून बाळी करून मुलाच्या कानात घाली. हेतू असा की हे मूल आमचे नाही, भिकेचे आहे, याच्यावर कोणाची दृष्ट पडण्यासारखे काही नाही. भिकाजी, धोंडू, दगडू, केरू ही नावे याच समजुतीतून आली. मुलग्याचे नाक टोचून त्याला नथू म्हणत, तेही मृत्यूला चकवण्यासाठीच.

आमच्या घरातही अशी एक भिकबाळी होती. माझ्या आजीची पहिली दोन मुले १९१८ च्या मानमोडीच्या साथीत एकाच आठवड्यात गेली. दोन वर्षांनी थोरले काका जन्मले. आजीने पाच घरी भीक मागितली. घरात खाऊन-पिऊन सुख होते, पण नवस म्हणजे नवस. काका पंधरा वर्षांचे झाले आणि तालुक्याच्या हायस्कुलात गेले. तिथे मुले त्यांना ‘भिकारी’ म्हणून चिडवू लागली. एका सुट्टीत ते भिकबाळी काढून खिशात टाकूनच घरी आले. आजीने काही विचारले नाही, रागावलीही नाही. ती दोन दिवस जेवली नाही, एवढेच. तिसऱ्या दिवशी काकांनी बाळी पुन्हा घातली. एव्हाना भोक आवळले होते, रक्त आले. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली, तरी आजी होती तोवर ती बाळी त्यांच्या कानात राहिली. आजीच्या तेराव्यानंतर त्यांनी ती काढून देवघरात ठेवली. मी पाहिले ते त्यांच्या कानाचे रिकामे भोक. देवावर विश्वास होता का, असे मी मोठेपणी त्यांना विचारले होते. ‘देवाचे माहीत नाही, आईच्या भीतीवर होता’ असे ते म्हणाले.

कडक कान टोचण्याची तिसरी तऱ्हा नाथपंथाची. कानफाट्या जोग्यांच्या कानाची पाळी नव्हे, तर मधली कुर्चाच गुरू सुरीने चिरतो. जखम बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घालतात आणि ती भरून आली की मोठी कुंडले चढवतात. ही शेवटची दीक्षा. त्याआधी शिष्याला औघड म्हणून राहावे लागते. जॉर्ज ब्रिग्ज यांच्या १९३८ च्या इंग्रजी ग्रंथात याचे तपशीलवार वर्णन आहे. गंमत अशी की ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी येते, तरी वारकऱ्यांनी ही खूण घेतली नाही. त्यांना गळ्यातली तुळशीची माळ पुरली.

जोग्याची काडी आणि काकांचे आवळलेले भोक यांमागे शरीरशास्त्र आहे. कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. म्हणून पाळी दीड-दोन महिन्यांत बरी होते, पण कडक कानाला सहा महिने ते वर्ष लागते. तिथे पू झाला आणि आवरण सुटले की कुर्चा मरते आणि कान कायमचा आकसतो. खटकन टोचणारी बंदूक तिथे वापरू नये, निर्जंतुक सुईच हवी, असे जाणकार सांगतात ते यामुळेच.

आता पुन्हा भिकबाळीकडे. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटानंतर तिची हौस फार वाढली. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत आणि ढोलपथकांत तरुण पोरे ती मिरवतात, बऱ्याच जणांची चापाची असते. मला त्यात वावगे वाटत नाही. खंत वाटते ती एवढीच, की आज ती शौर्याची खूण समजली जाते. ती शौर्याची नव्हती. ज्या आईच्या हाती दुसरा कोणताच उपाय नव्हता, तिने मृत्यूपुढे पसरलेला पदर होता तो. तो पदर आज पसरावा लागत नाही, याचे श्रेय लसीला, डॉक्टरांना आणि स्वच्छ पाण्याला आहे. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडला नाही. सुश्रुताच्या दोन हेतूंपैकी रक्षणाचे काम दुसऱ्यांनी उचलले म्हणून भिकबाळी निव्वळ भूषण होऊ शकली. ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त ती माहीत असावी.

आणखी एक फरक आहे. काकांचा कान आजीच्या इच्छेने टोचला गेला, आजच्या मुलांचा त्यांच्या स्वतःच्या इच्छेने. जुन्या काळात स्वेच्छेने कान पुढे करणारा म्हणजे नाथजोगी, आणि त्याला आधी वाट पाहावी लागे, नंतर जखम सांभाळावी लागे. नातीला मी एवढेच सांगितले, की बुगडीचे भोक पाडून घे, पण वर्षभर ते जोग्यासारखे सांभाळ. ती रोज रात्री न चुकता मिठाच्या पाण्याने कान पुसते आहे.