सव्वासहाला विझलेले मॉडेम

जुना राउटर विकत घेणारा माणूस पहिल्या दिवशी दोन कामं आठवणीने करतो. पासवर्ड बदलतो आणि फर्मवेअर अद्ययावत करतो. तिसरं काम बहुतेकांकडून राहून जातं: या डबीला दुरून हुकूम द्यायचा अधिकार अजून कुणाकुणाकडे आहे, हे पाहायचं. रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं त्या २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे युरोपात घरोघरी बसवलेले हजारो उपग्रह-मॉडेम बंद पडले, आणि ते बंद पाडणाऱ्याला एकाही घराची पायरी चढावी लागली नाही. या तिसऱ्या कामाची निकड त्या पहाटेइतकी स्पष्ट मला दुसऱ्या कशातच दिसत नाही. पुढच्या वेळा कीव्हच्या आहेत. आपल्या घड्याळासाठी त्यांत साडेतीन तास मिळवावेत.

दहा महिने आधी

का-सॅट हा उपग्रह डिसेंबर २०१० मध्ये सोडला गेला. ९ अंश पूर्वेवर उभा राहून तो ८२ वेगवेगळ्या झोतांनी युरोप आणि भूमध्य समुद्राच्या आसपासचा प्रदेश व्यापतो. तारेचं इंटरनेट न पोहोचलेल्या गावांत, शेतांवर, डोंगरांतल्या घरांत छपरावर तबकडी आणि आत सर्फबीम २ जातीचा मॉडेम, अशी त्याची जोडणी असे.

३० एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेतल्या व्हायासॅट कंपनीने युटेलसॅटकडून या सेवेचा व्यवसाय पूर्णपणे विकत घेतला. मालक बदलला, पण ज्या भागात सर्वसामान्य ग्राहक होते तो भाग दैनंदिन चालवण्याचं काम संक्रमणकाळापुरतं युटेलसॅटच्याच उपकंपनीकडे, इटलीतल्या तुरीन शहरातल्या स्कायलॉजिककडे राहिलं. घर विकलं जावं आणि किल्ल्यांचा जुडगा काही काळ आधीच्याच रखवालदाराकडे असावा, तशी ही स्थिती. या व्यवसायात अशी व्यवस्था नेहमीची आहे आणि तिच्यामुळेच पुढचं घडलं असा माझा दावा नाही. पण यंत्रणा हात बदलते त्या काळात जुन्या मांडणीतली प्रत्येक खिटी नव्याने तपासायला हवी, आणि ती कुणी तपासायची हे लेखी ठरायला हवं, हे मी ठामपणे म्हणतो.

बुधवार, २३ फेब्रुवारी, दुपारी ४:५२

युक्रेनमधल्या संगणकांवर माहिती पुसून टाकणारा एक नवा प्रोग्रॅम स्लोव्हाकियातल्या ईसेट कंपनीला दिसला. पुढे तो हर्मेटिकवायपर या नावाने ओळखला गेला. शेकडो संगणकांत तो पोहोचला होता. त्याच्या एका नमुन्यावर तो तयार झाल्याची तारीख २८ डिसेंबर २०२१ अशी होती, म्हणजे तयारी दोन महिने आधीची. त्याच दुपारी सरकारी संकेतस्थळं आणि बँका खोट्या मागण्यांच्या माऱ्याखाली होत्या. सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. घरातल्या मॉडेमकडे कोण पाहणार?

उजाडण्याच्या आत

व्हायासॅटच्या अहवालानुसार घुसखोर आले ते एका व्हीपीएन यंत्राच्या चुकीच्या मांडणीतून. तिथून ते जाळ्याच्या व्यवस्थापन विभागात शिरले. हा विभाग ग्राहकाला कधी दिसत नाही. सिग्नल किती आहे, कोणता मॉडेम चालू आहे, कुणाची मांडणी बदलायची, हे सगळं तिथून पाहिलं आणि केलं जातं. ग्राहकाने फोन केला की पलीकडचा तंत्रज्ञ “थांबा, इथून बघतो” म्हणतो, तो याच वाटेने बघतो. या वाटेने आलेला हुकूम मॉडेम विश्वासाचा मानतो आणि घरमालकाला न विचारता पाळतो.

नेहमीच्या फर्मवेअर-वाटपाच्या प्रक्रियेत छेडछाड झाल्याचा पुरावा नाही, असं कंपनीने स्पष्ट म्हटलं आहे आणि ते नोंदवायला हवं. फर्मवेअर खोटं नव्हतं. हुकूम देणारा खोटा होता, आणि त्याने वापरलेले हुकूम व्यवस्थापनाच्या कामासाठीच बनवलेले होते.

पहाटे ५:०२

युक्रेनमधल्या काही मॉडेममधून अचानक प्रचंड आणि नेमकी रोखलेली वाहतूक सुरू झाली. ती इतकी वाढली की इतर ग्राहकांचे मॉडेम जाळ्यावर टिकेनात. याच सुमारास मॉस्कोत पुतिन यांचं भाषण प्रसारित होत होतं आणि युक्रेनच्या शहरांत स्फोट ऐकू येऊ लागले होते.

अभियंत्यांनी त्रास देणारे मॉडेम शोधून एकेक करत जाळ्याबाहेर काढायला सुरुवात केली. ते काढावेत तर नवे उगवत. पुढचा तास या झटापटीत गेला. ग्राहकाच्या बाजूने हे नुसतं मंद इंटरनेट वाटलं असणार: पान उघडत नाही, मग दिवा लुकलुकतो, मग पुन्हा थोडं चालतं.

सकाळी ६:१५

आता वेगळंच काही घडू लागलं. मॉडेम मोठ्या संख्येने जाळ्यावरून नाहीसे होऊ लागले, आणि नाहीसे झालेले परत जोडले जायचा प्रयत्नही करेनात. बिघडलेलं यंत्र धडपडतं, पुन्हा पुन्हा दार ठोठावतं. ही यंत्रं गप्प होती. युक्रेनमधले आधी चालू असलेले बहुतेक मॉडेम गेले आणि युरोपच्या इतर भागांतलेही मोठ्या संख्येने गेले. एकूण आकडा दहा हजारांच्या पटीत.

डबीच्या आत काय झालं ते नीट पाहू. मॉडेम असो वा राउटर, त्याचं फर्मवेअर फ्लॅश मेमरीत असतं. वीज आली की यंत्र ते तिथून वाचतं, कामाच्या मेमरीत घेतं आणि उभं राहतं. चालू यंत्रातली फ्लॅश पुसली तरी ते लगेच कोसळत नाही, कारण कामापुरतं सगळं त्याच्या हाताशी असतं. सेंटिनेलवन या कंपनीच्या संशोधकांनी नंतर अ‍ॅसिडरेन नावाचा जो प्रोग्रॅम उलगडला, तो याच जागी घाव घालतो. आधी तो यंत्रातल्या फायली खोडतो. मग फ्लॅश, मेमरी कार्ड, डिस्क अशा साठवणीच्या सगळ्या ज्ञात नावांवरून फिरतो आणि सापडेल तिथे एकेकाने उतरत जाणारे आकडे भरतो. शेवटी यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचा हुकूम देतो.

तो शेवटचा हुकूम मला सर्वांत क्रूर वाटतो. घरात नेट गेलं की पहिला उपाय तोच असतो: वायर काढा, दहा मोजा, पुन्हा लावा. इथे त्या उपायानेच यंत्र आंधळं होत होतं, कारण परत उठताना वाचायला आत काही उरलंच नव्हतं. पोलंड किंवा फ्रान्समधल्या एखाद्या आजोबांनी त्या सकाळी कितीही वेळा प्लग काढून लावला असता, तरी काही होणार नव्हतं.

आपल्याकडे सकाळी दहाच्या पुढे

मध्य युरोपात एनेरकॉन या जर्मन कंपनीच्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाशी संपर्क तुटला. त्यांची एकत्रित क्षमता ११ गिगावॅट. पाती फिरत राहिली, वीज बनत राहिली, पण लांबून त्यांच्याकडे पाहता येईना. युद्धाशी संबंध नसलेलं हे नुकसान निव्वळ त्या चक्क्यांत त्याच जातीचे मॉडेम होते म्हणून झालं. फ्रान्समध्ये हजारो ग्राहक अडकले.

युक्रेनचे अधिकारी व्हिक्टर झोरा यांनी सुरुवातीला याला दळणवळणाचं फार मोठं नुकसान म्हटलं. पुढे त्यांनीच खुलासा केला की लष्कराची मुख्य भिस्त जमिनीवरच्या तारांवर होती, उपग्रह हा पर्याय होता. दोन्ही विधानं एकत्र वाचावी लागतात. त्याच सकाळी भारतीयांना आणायला दिल्लीहून कीव्हकडे निघालेलं एअर इंडियाचं विमान हवाई हद्द बंद झाल्याने वाटेतून परत फिरलं. तिकडे अडकलेल्या मुलांमध्ये महाराष्ट्रातले वैद्यकीय विद्यार्थीही होते. अशा वेळी घरी “मी ठीक आहे” एवढं कळवायला एखादी जोडणी शिल्लक असणं म्हणजे काय, हे त्यांच्या आईवडिलांना विचारावं.

पुढचे पाच आठवडे

दुरुस्तीचा प्रश्न इथे सुरू झाला. कंपनीच्या तपासात आढळलं की मॉडेमची विद्युत-अंगं शाबूत आहेत आणि मूळ स्थितीत आणण्याच्या प्रक्रियेने ते पूर्ण पूर्ववत होतात. पण दुरून नवं फर्मवेअर पाठवायला मॉडेम जाळ्यावर यायला हवा, आणि जाळ्यावर यायला फर्मवेअर हवं. म्हणून कामाला आली ती टपालाची वाट. मार्चअखेरपर्यंत जवळजवळ ३०,००० मॉडेम वितरकांकडे रवाना झाले.

रुबेन सांतामार्ता या स्पॅनिश संशोधकाने मारल्या गेलेल्या मॉडेमची फ्लॅश उतरवून चांगल्या मॉडेमशी ताडून पाहिली. तिच्यात तेच उतरते आकडे होते. ३१ मार्चला सेंटिनेलवनचं विश्लेषण आलं आणि व्हायासॅटने ते आपल्या माहितीशी जुळतं असं म्हटलं. १० मे रोजी युरोपीय संघ, ब्रिटन आणि अमेरिकेने हल्ल्याची जबाबदारी रशियावर ठेवली.

त्या विश्लेषणात एक जुना धागाही आहे. अ‍ॅसिडरेनच्या रचनेत व्हीपीएनफिल्टरच्या एका विध्वंसक भागाशी साम्य दिसलं. व्हीपीएनफिल्टर म्हणजे मे २०१८ मध्ये उघडकीस आलेला, ५४ देशांतल्या किमान पाच लाख यंत्रांत शिरलेला प्रोग्रॅम. त्यात घरगुती वापराचे, आजही जुन्या बाजारात मिळणारे राउटर होते. तेव्हा एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं होतं. त्याने त्या प्रोग्रॅमच्या तीन थरांपैकी वरचे दोन जात, पण मुळाचा थर टिकून राही. तो घालवायला मूळ स्थितीत रीसेट आणि त्यावर नवं फर्मवेअर, हेच लागे.

म्हणून जुना राउटर घरी आणलात तर आधी रीसेटचं बटण दाबून धरा आणि आधीच्या मालकाची सगळी मांडणी जाऊ द्या. मग तळाच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती पाहून, उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नेमकं त्याच आवृत्तीचं फर्मवेअर तारेने जोडून चढवा. त्यानंतर बाहेरून व्यवस्थापनाची सोय बंद आहे ना, ते बघा. आणि उत्पादकाने त्या मॉडेलला सुधारणा देणं थांबवलं असेल, तर तो राउटर इंटरनेटच्या वाटेवर बसवू नका.