धनुष्यबाणाच्या शिकारीतील वारा व गंध
उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करताना मानवी गंध हरणापर्यंत न पोहोचू देणे अत्यावश्यक मानले जाते. बाणाचा खात्रीचा पल्ला सामान्यतः ३०-४० मीटरांच्या आतच असल्याने शिकाऱ्याला बंदूकधाऱ्यापेक्षा बरेच जवळ थांबावे लागते. म्हणून हरणाच्या वाटेकडून आपल्याकडे वारा येईल अशा झाडावर मचाण बांधतात. डोंगरउतारावर एवढे पुरत नाही. सकाळी ऊन चढू लागले की हवा उताराने वर सरकते आणि सायंकाळी थंड होऊन दरीत उतरते. त्यामुळे सकाळचे उत्तम मचाण संध्याकाळी निरुपयोगी ठरू शकते. मंद झुळूक ओळखण्यासाठी मिल्कवीड या रुईच्या कुळातील वनस्पतीचे रेशमी तंतू (आपल्याकडील ‘म्हातारी’सारखे) हवेत सोडतात. गंधहीन साबण किंवा सक्रिय कोळशाचे कपडे यांनी गंध पूर्णपणे नाहीसा होत नाही; वारा फिरल्यास मचाण सोडून जावे लागते.