कॉलेजला जायला लागल्यापासून वजन वाढलंय? उपाशी राहू नका, डबा न्या!

सकाळची एसटी गाठायची म्हणून चहा-बिस्किटावर घर सोडायचं, अकराला कॅन्टीनचा वडापाव, परतताना स्टँडवर कोल्ड्रिंक. तालुक्याला शिकायला जाणाऱ्या अनेक मुला-मुलींचा दिवस असाच जातो. शेतातलं काम सुटलं, बसणं वाढलं. मग वजन वाढतं आणि पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्यात (मुलींसाठी ८०० मीटर) दम लागतो.

वजन खरंच जास्त आहे का?

किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ योग्य, २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. उंची १६५ सेंमी (५ फूट ५ इंच) असेल तर साधारण ६३ किलोपासून वजन जास्त समजावे. कंबर मुलांची ९० सेंमी, मुलींची ८० सेंमीपुढे गेली तर पुढे मधुमेह, बीपीचा धोका वाढतो. बीएमआय योग्य असेल तर वजन कमी करायची गरज नाही.

खाण्यात काय बदलावे?

• निघण्याआधी भाकरी-भाजी किंवा उकडलेली अंडी खा. पोट भरलेलं असलं की वडापाव आठवत नाही.
• डब्यात भाकरी, मटकीची उसळ, काकडी-गाजर न्या.
• कोल्ड्रिंकऐवजी ताक किंवा पाणी प्या. २५० मिली कोल्ड्रिंकमध्ये सुमारे पाच चमचे साखर असते.
• फरसाणाऐवजी मूठभर फुटाणे घ्या.

व्यायाम किती?

आठवड्यातले पाच दिवस रोज ३० मिनिटं झपाझप चाला. दम टिकायला लागला की थोडं धावा, थोडं चाला. दोन दिवस जोर-बैठका काढा. मात्र एक वडापाव जिरवायला साधारण तासभर चालावं लागतं. म्हणून खाणं न बदलता नुसता व्यायाम पुरत नाही.

हे टाळा

जेवण बंद करणे, जाहिरातीतल्या पावडरी आणि गोळ्या यांच्या नादी लागू नका. उपाशी राहिल्याने अशक्तपणा येतो, मुलींमध्ये रक्त कमी असेल तर त्रास आणखी वाढतो. आठवड्याला अर्धा किलो कमी झालं तरी पुष्कळ.

पाळी अनियमित असेल, सतत थकवा असेल किंवा कारण नसताना वजन वाढत असेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा.