आधी पाणी, मग गाडी

मे महिन्यातली पहाट. वर्धा-सेवाग्राम रस्त्यावर तू पळतो आहेस, सोबत भरतीची तयारी करणारी आणखी सात-आठ पोरं. अजून उजाडलं नाही, तरी कालच्या उन्हाची धग डांबरातून वर येतेय. ऊन लागू नये म्हणून आईनं खिशात कांदा घातलाय. राहू दे तो, तिचा जीव आहे त्यात. पण आज माझ्यासोबत थोडं लांब चल.

८ ऑगस्ट १९८५. न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो. १० हजार मीटरच्या शर्यतीत सोळा वर्षांचा डग्लस कासा तुझ्यापुढं धावतोय. शेवटची फेरी. तो कोसळतो, उठतो, पुन्हा कोसळतो. आता उठत नाही. वाक, हात लाव. अंग तव्यासारखं तापलंय आणि घामानं निथळतंय. हे नीट ध्यानात ठेव. घाम आटला की ऊन लागलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पळता पळता होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असतो, कारण आग आतली असते, राबणाऱ्या स्नायूंची. पोरगा बरळायला लागला, भलतीकडेच चालू लागला, तर घामाकडे बघत बसू नये.

केंट स्क्राइबर नावाचा ट्रेनर धावत येतो आणि तिथल्या तिथं बर्फानं त्याला थंड करायला लागतो. मुलगा काही तास बेशुद्ध राहतो, पण वाचतो. आणि पुढचं सगळं आयुष्य याच एका गोष्टीला देतो.

३१ जुलै २००१, मिनेसोटातलं मँकेटो. सरावात कोरी स्ट्रिंगर कोसळलाय. सत्तावीस वर्षांचा, अंगापिंडानं भक्कम अमेरिकन फुटबॉलपटू. रुग्णालयात पोचतो तेव्हा ताप १०८.८ अंश फॅरनहाइट. दुसऱ्या दिवशी तो जातो. २०१० मध्ये त्याच्या पत्नीसोबत कासा कनेक्टिकट विद्यापीठात त्याच्या नावानं संस्था उभी करतात. त्यांचं सांगणं एका ओळीचं: आधी थंड करा, मग हलवा. शरीर ४०.५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की अर्ध्या तासात ते खाली यायला हवं. तोवर मेंदू, यकृत, मूत्रपिंडं भाजत असतात. बगलेतला थर्मामीटर इथं फसवतो, ताप गुदद्वारातूनच मोजावा लागतो. लाजेपायी जीव जाऊ नये.

चल, फॅलमाउथला. मॅसॅच्युसेट्समधली ऑगस्टची रोड रेस, सुमारे ११ किलोमीटरची. शेवटच्या रेषेजवळच्या तंबूत बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवलेत. हात बुडव, बोटं बधिर होतात ना? १८ वर्षांत इथं उष्माघाताच्या २७४ जणांना अशा टबात बसवलं. एकही दगावला नाही. हा आकडा वाचला की मला जून २०१४ ची मुंबईतली पोलीस भरती आठवते. ५ किलोमीटर धावताना पोरं कोसळली आणि काही घरी परत आलीच नाहीत. तीही अशीच पहाटे उठून गावच्या रस्त्यावर धावली असतील. मैदानावर पाणी प्यायला असतं. आख्खं माणूस बुडेल एवढं पाणी मात्र कुणाच्या मनातच येत नाही.

आता परत फीर. हा बघ आपला रस्ता, पूर्वेला तांबडं फुटलंय. टब कुठून आणायचा, असं विचारशील. तुझ्या घरी कापूस झाकायची ताडपत्री आहे ना? तीच आण. पोराला तिच्यात निजवायचं, चौघांनी कडा उचलून धरायच्या, त्यात बर्फ-पाणी ओतायचं आणि हलवत राहायचं. एकानं डोकं वर धरायचं, नाकातोंडात पाणी जाता कामा नये. एकानं १०८ ला फोन लावायचा. गाडी आली तरी अंग निवेपर्यंत उचलू द्यायचं नाही.

सोबतची पोरं थांबलीत, गुडघ्यावर हात टेकून धापा टाकताहेत. उद्या ताडपत्री कोण आणणार आणि बर्फाची लादी कुणाच्या गाडीवर येणार, ते आत्ताच ठरवून टाका.